ज्ञ पासवर्डमधला

माझं नाव डोना नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण गेल्या गुरुवारी सकाळी पिट्सबर्गमधल्या एका गॅरेजात "डोना!" अशी हाक तीनदा मारली गेली. तिन्ही वेळा मी मान उंच करून बघितलं, की कोण ही बाई, एवढं बोलावतायत तर उठत का नाही, काय निगरगट्टपणा. डोना काही उठली नाही. तिचा नंबर गेला आणि तिची गाडी रांगेच्या शेपटाला लागली. पाऊण तासाने माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की डोना मीच.

पेनसिल्व्हेनियात दरवर्षी गाडीची तपासणी करून काचेवर नवा स्टिकर चिकटवून घ्यावा लागतो. माझा स्टिकर डिसेंबरचा. काउंटरवरच्या बाईंनी नाव विचारलं. मी म्हणालो, "ज्ञानेश." त्यांनी पेन उचललं आणि ते हवेतच राहिलं.

"डी, एन," मी सुरुवात केली.

"डी, ई, एन."

"ई नाही. डी, एन, वाय."

"व्हाय?" त्यांनी मनापासून विचारलं.

हा प्रश्न मलाही अधूनमधून पडतो. ज्ञ हे अक्षर आपण मराठी माणसं 'द्न्य' म्हणतो, हिंदीवाले 'ग्य' म्हणतात, आणि संस्कृतातला मूळ उच्चार काय होता यावर दोन शास्त्री बसवले तर संध्याकाळच्या आत शेंड्या हातात येतील. माझ्या वडिलांनी पासपोर्टाच्या अर्जावर इमानाने द्न्य लिहिलं आणि मला या देशात डी-एन-वाय घेऊन हिंडायची शिक्षा झाली. असो. बाई म्हणाल्या, "हन, मी आपलं थोडक्यात लिहिते," आणि काहीतरी लिहिलं. ते मी वाचलं नाही. चूक तिथेच झाली.

बसायच्या खोलीत पाच खुर्च्या, जळक्या कॉफीचा वास आणि दोन माणसं. एक दाढीवाला, चाळिशीचा. दुसरे आजोबा, ज्यांच्या डोक्यावर पायरेट्सची, म्हणजे पिट्सबर्गच्या बेसबॉल संघाची, काळी टोपी होती. टोपी काळी होती असं मी पुढच्या पिवळ्या 'पी'वरून म्हणतो. एरवी तिचा रंग उन्हात विटलेल्या छत्रीसारखा झाला होता, आणि घामाचं मीठ कडेने असं चढत गेलं होतं की त्या पांढऱ्या रेघा मोजून कुठला उन्हाळा किती वाईट गेला ते सांगता आलं असतं. या संघाचे उन्हाळे वाईटच जातात. १९७९ नंतर वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं विजेतेपद, नाही, १९९३ ते २०१२ सलग वीस हंगाम जिंकले कमी आणि हरले जास्त, आणि २०२५ मध्ये ७१ सामने जिंकून ९१ हरले. तरी माणूस टोपी घालतो. त्याला मी नावं ठेवत नाही. मीही आयपीएल बघतो.

त्या दोघांचं जुंपलं होतं ते आउटफिल्डवरून, म्हणजे मैदानाच्या लांबच्या भागात चेंडू अडवणाऱ्यांवरून. पंधरा दिवसही झाले नव्हते, पायरेट्सनी योहान ओव्हिएडो नावाचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, बॉस्टनच्या संघाला देऊन तिकडचा एक होतकरू आउटफिल्डर आणला होता. इंग्रजीत ज्याला 'प्रॉस्पेक्ट' म्हणतात त्याला मराठीत 'होतकरू' इतका चपखल शब्द दुसरा नाही. अजून काही झालेला नाही, होईल असा सगळ्यांना वहीम आहे, आणि तेवढ्या वहिमावर घरातला कमावता माणूस देऊन टाकायचा.

ही ट्रेड नावाची, संघांनी आपसात खेळाडू अदलाबदल करायची भानगड मला या गावात येऊन अकरा वर्षांनी समजली, तीही लहानपणीच्या बोहारणीमुळे. आई जुन्या साड्यांचा गठ्ठा पुढे टाकायची, बोहारीण पातेलं दाखवायची, आई नाक मुरडायची, मग बोहारीण म्हणायची, "वहिनी, एक शर्ट टाका वर." ट्रेड म्हणजे हेच, फक्त साडीला बॅट धरता आली पाहिजे. २०१८च्या जानेवारीत इथल्या लोकांचा जीव की प्राण, अँड्र्यू मकचन, गठ्ठ्यात गेला. गाव रडलं. पण त्या बदल्यात आलेल्या ब्रायन रेनॉल्ड्स नावाच्या होतकरू पोराचं पुढे सोनं झालं. २०२३ मध्ये त्याच्याशी आठ वर्षांचा, दहा कोटी डॉलरच्या वरचा करार झाला, आणि त्याच वर्षी मकचनही माहेरी परत आला. म्हणजे कुकरही मिळाला आणि साडीही परत.

पण त्याच २०१८च्या ३१ जुलैला याच लोकांनी क्रिस आर्चर नावाच्या पिचरसाठी टॅम्पाच्या संघाला ऑस्टिन मेडोज दिला, टायलर ग्लासनाउ दिला, आणि वर 'नंतर नाव सांगू' या बोलीवर एक तिसरा. तो तिसरा निघाला शेन बाझ. मेडोजने पुढच्याच वर्षी तिकडे ३३ होमरन, म्हणजे बेसबॉलातले सिक्सर, मारले. आर्चर इकडे पुरता फसला आणि शेवटी परत टॅम्पालाच जाऊन खेळला. तीन जरीकाठी दिल्या, भोकाचं पातेलं घेतलं, आणि ते पातेलंही बोहारणीकडेच परत गेलं. 'नंतर नाव सांगू' ही तर शुद्ध बोहारीणभाषा आहे, "एक शर्ट वर टाका, कुठला ते पुढच्या फेरीला बघू."

"आर्चर" हा शब्द आजोबांनी उच्चारला तेव्हा दाढीवाल्याने डोळे मिटून घेतले. आमच्याकडे जेवताना कोणी झुरळाचं नाव काढल्यावर मिटतात तसे.

मी मध्ये पडायला नको होतं. पण तिथे दुसरं वाचायला काही नव्हतं, आणि आजोबांनीच विचारलं, "इंडिया?"

"हो."

"मग रिंकूला ओळखत असशील."

मला भरून आलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा एखाद्या अमेरिकन माणसाने आपणहून क्रिकेटचा विषय काढला होता. "रिंकू सिंग? ओळखत म्हणजे काय!"

"लेफ्टी."

"डावखुराच!"

"गरिबाचं पोर. बाप ट्रक चालवायचा."

"वडील गॅसचे सिलिंडर पोचवायचे."

"तेच, ट्रकमधून पोचवत असेल. काय हात होता पण त्याचा!"

"हात? शेवटच्या पाच चेंडूंवर पाच सिक्स!"

आजोबा थांबले. "सिक्स म्हणजे?"

"सहा रन. पाच चेंडूंत तीस."

"पाच चेंडूंत तीस रन दिले त्याने?"

"दिले नाहीत हो, काढले!"

"पिचरने?" आजोबांनी दाढीवाल्याकडे बघितलं. दाढीवाला माझ्याकडे सहानुभूतीने बघत होता. "मित्रा, पाच चेंडूंत तीस रन देणाऱ्या पोराला आम्ही इतके दिवस ठेवलाच नसता."

मग उलगडा झाला. त्यांचा रिंकू सिंग वेगळा. तोही उत्तर प्रदेशचा, तोही डावरा, पण भालाफेक करणारा. २००८ मध्ये भारतात वेगाने चेंडू फेकायची एक स्पर्धा झाली, त्यातून तो आणि दिनेश पटेल असे दोघे अमेरिकेत आले आणि त्याच नोव्हेंबरात पायरेट्सनी त्यांना करारबद्ध केलं. पोरांनी त्याआधी बेसबॉल हातात धरला नव्हता. मुख्य संघापर्यंत दोघेही पोचले नाहीत. रिंकू पुढे कुस्तीच्या तमाशात वीर महान नावाने केस सोडून उभा राहिला. आणि माझा रिंकू अलीगढचा, २०२३च्या एप्रिलमध्ये अहमदाबादेत गुजरातची झोप उडवणारा. आजोबांना तो ठाऊक असायचं कारण नाही, मलाही त्यांचा ठाऊक नव्हता. पण हसं माझं झालं. आपल्याच देशाच्या रिंकूची माहिती याला नाही, असा एक निर्णय त्या खोलीत एकमताने होऊन गेला.

याच गोंधळात पहिली "डोना!" आली. मी म्हटलं, असेल कोणी.

दाढीवाल्याचं म्हणणं असं की ओनील क्रूझला आता विकावा. साडेसहा फुटांच्या वरचा हा गडी. त्याने २०२५च्या मेमध्ये चेंडू असा हाणला की बॅटवरून निघताना त्याचा वेग ताशी १२२.९ मैल भरला, आणि इतका जोराचा फटका मोजमाप सुरू झाल्यापासून कोणी मारलेला नाही. पण हंगामाची सरासरी .२००, पाच खेपांत एक फटका सफल. म्हणजे आमच्या वाड्यातला एक नळ होता तसा. आला तर बादली उलटवेल, नाहीतर नुसता सूं सूं. आजोबा म्हणाले, थांबा, पोर सुधारेल. दाढीवाला म्हणाला, सत्तावीस वर्षांचं पोर? मग गाडी कॉनर ग्रिफिनवर गेली. २०२४ मध्ये शाळेतून थेट निवडलेला, २०२५च्या एका हंगामात ब्रॅडेंटन, ग्रीन्सबरो आणि अल्टूना अशा खालच्या संघांच्या तीन इयत्ता चढलेला. याला जवळ शॉर्टस्टॉपवर ठेवायचा की लांब सेंटर फील्डला पाठवायचा, यावर आजोबांनी कॉफीच्या कपाखाली ओल्या बोटाने मैदान काढलं. एकोणीस वर्षांच्या त्या पोराच्या आईबापांनीही त्याच्या भविष्यावर इतका वेळ घालवला नसेल.

इथल्या जुन्या लोकांची भाषा मला आवडते. इंग्रजीत 'यू' एकच, तू पण तोच आणि तुम्ही पण तोच. पिट्सबर्गच्या लोकांनी ही अडचण ओळखून स्वतःचं 'तुम्ही' बनवलं, 'यिन्झ'. असा समजूतदार समाज एखाद्याचं नाव नीट घेईल असं वाटतं की नाही?

दुसरी "डोना!" तेव्हाच आली. आजोबासुद्धा म्हणाले, "ही डोना बहिरी आहे वाटतं." मी हसलो. हसलो, हे लक्षात घ्या.

आणि मग बॉस्टनहून आलेल्या त्या होतकरूचं नाव निघालं. मी म्हटलं, "काय नाव त्याचं?"

"जॉस्टिन्सन गार्सिया," आजोबा म्हणाले. घरातल्या नातवाचं घ्यावं तसं. "स्पेलिंग मजेदार आहे. जे, एच, ओ, एस, टी, आय..."

"वाय!" काउंटरवरून आवाज आला.

त्याच बाई. हातातलं काम सोडून, चष्मा कपाळावर ढकलून त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "जे, एच, ओ, एस, टी, वाय, एन, एक्स, ओ, एन. एक्स म्हणायचा नाही, स म्हणायचा." दहा अक्षरं, एका श्वासात, कुठेही न अडखळता. मग मला म्हणाल्या, "त्याला 'द पासवर्ड' म्हणतात. नाव पासवर्डसारखं दिसतं ना, म्हणून."

खोलीत सगळे हसले. मीही हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. त्या मुलाने मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीवर, तोवर मोजून पाच सामने खेळले होते, तेही बॉस्टनसाठी. पिट्सबर्गमध्ये त्याने अजून एक चेंडू अडवलेला नव्हता. मी इथे अकरा वर्षं कर भरतोय, बर्फ उपसतोय, सलग चौथ्या वर्षी याच काउंटरवर पैसे मोजतोय, आणि माझी आठ अक्षरं त्यांच्या पेनाला झेपत नाहीत! व्हेनेझुएलाच्या पोराचा एक्स 'स' होतो, माझा डी-एन-वाय मात्र "व्हाय" होतो. बरं, नाव घेता येत नाही हे मी इतकी वर्षं मानत आलो. जीभ वळत नाही बिचाऱ्यांची. जीभ वळते हो! ३० होमरन मारण्याची शक्यता दिसली की वाटेल तशी वळते.

चिडलोच मी. अजूनही आहे थोडा. पण खोटं कशाला बोलू, कॉफीच्या दुकानात मी स्वतःच 'डॅन' सांगतो, मागे रांग असते म्हणून. आणि ऑफिसात न्गुयेन आडनावाचा एक व्हिएतनामी गृहस्थ आहे, त्याला मी सहा वर्षं 'एन-जी' म्हणतोय. त्याने एकदाही दुरुस्त केलेलं नाही. त्याच्या घरी माझ्याबद्दल काय बोलत असतील कुणास ठाऊक.

तरी मी धीर करून आजोबांना म्हटलं, माझंही नाव तसंच आहे, पासवर्डसारखं. म्हणून बघा. ज्ञा.

"न्या."

"आधी द. द्-न्या."

"डन्या. कॅन्यन?"

"कॅन्यन नाही. द्न्या-ने-श."

आजोबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. मनापासून प्रयत्न करत होते, ते मी नाकारणार नाही. मग म्हणाले, "आउटफिल्डला खेळायचास का कधी?"

"नाही."

"मग डॅनी म्हणतो."

तेवढ्यात तिसरी "डोना!" आली आणि मी मान उंच केली.

पाऊण तासाने काउंटरवर जाऊन विचारलं तेव्हा बाईंनी यादी माझ्याकडे फिरवली. माझ्या गाडीच्या नंबरासमोर निळ्या शाईत, चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं डोना. त्या म्हणाल्या, "तीनदा बोलावलं, हन." मी म्हटलं, हे माझं नाव नाही. त्या यादीकडे बघत म्हणाल्या, "पण जवळपास आहे." आजोबांची गाडी तोवर झाली होती. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाले, "एप्रिलमध्ये भेटू, डॅनी. यंदा आउटफिल्ड बरं आहे."

माझी गाडी हातात यायला दुपारचे दोन वाजले. ब्रेक पॅड बदलावे लागले. स्टिकर लागला. पावती मी घरी येऊन बघितली. पॅडची दोन वर्षांची वॉरंटी डोनाच्या नावाने आहे.

काल फोनवर मेसेज आला, "हाय डोना! आमची सेवा कशी वाटली? एक ते पाच तारे द्या." मी तीन दिले. पाचव्या मिनिटाला उत्तर आलं, "थँक्यू, डोना!"