एवढासा तर फोड आहे

जुन्या पिकअपच्या मालकाला गंज कधीच दिसत नाही. त्याला ‘जरासा रंग उडालेला’ दिसतो. मागच्या चाकाच्या कमानीवर रंगाखाली चार-पाच बारीक फुगे आलेले असतात. तो ते अंगठ्याने दाबून बघतो, दाबले की आत जातील अशा आशेने. मग ‘एवढासा तर फोड आहे’ असं म्हणून गाडी धुतो आणि ओलीच उभी करतो. मीही याच पंथातला, म्हणून घरभेदीपणा करून सांगतो: गंजाचं काम आतून चालतं. बाहेर फोड दिसेपर्यंत आतलं बरंचसं उरकलेलं असतं.

कमान दोन पत्र्यांची असते, एक बाहेरचा आणि एक आतला. कडेला दोन्ही एकत्र दुमडून स्पॉट वेल्डिंगने जोडलेले असतात. चाकाने उडवलेला चिखल नेमका त्या दुमडीवर जाऊन बसतो. तो वरून वाळलेला दिसला तरी आत ओल धरून ठेवतो, आणि ती ओल दोन पत्र्यांच्या फटीत शिरते. लोखंड, पाणी आणि हवा यांची तिथे गाठ पडली की पुढे कोणाच्या मदतीची गरज नसते. रस्त्यावरचं किंवा समुद्राकडचं मीठ मिळालं तर वेग वाढतो, कारण खारट पाण्यातून वीज जास्त सहज वाहते आणि गंजणं ही मुळात विजेचीच क्रिया आहे. तयार झालेल्या गंजाला मूळ लोखंडाच्या निदान दुप्पट जागा लागते. ती जागा तो रंगाला वर उचलून मिळवतो. तोच आपला ‘एवढासा फोड’.

बाकीचे अड्डे ठरलेले आहेत. काचेच्या पट्टीतून दारात पाणी जातंच, गाडी बनवणाऱ्यांनाही ते मान्य असतं. म्हणून दाराच्या तळाशी निचऱ्याची भोकं ठेवलेली असतात. ती माती आणि कुजलेल्या पानांनी बुजतात. काही उत्साही मंडळी तर ‘इथून पाणी गळतंय’ म्हणून ती सीलंट भरून बंद करतात. मग दार ही दाराच्या आकाराची टाकी होते. केबिनचे मागचे खालचे कोपरे, दाराखालचा उंबरठा, फाळक्याची खालची कड, केबिनमधलं जाजम, बॅटरीची बैठक, सगळीकडे हीच कथा. हौद्यातलं प्लास्टिकचं अस्तर ही त्यातली सर्वात थोर वस्तू. पत्र्याला ओरखडे पडू नयेत म्हणून ते बसवतात. त्याच्याखाली वाळू जाते, गाडी हलली की अस्तर तीच वाळू पत्र्यावर घासतं, रंग निघतो, आणि पाणी वाळू नये याचीही सोय तेच करतं. अस्तर काढून बघण्याचं धैर्य फार थोड्यांकडे असतं.

तपासणीला तीन वस्तू पुरतात: टोच्या, छोटं लोहचुंबक आणि स्क्रूड्रायव्हर. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. पत्रा खणखणतो, पुट्टी भद्द वाजते. चुंबक चिंधीत गुंडाळून फिरवा. जिथे तो एकदम सैल पडतो तिथे आधीच्या मालकाची कारागिरी आहे असं समजा. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण पुट्टीवाल्यांनी अक्षरशः घेतलेली असते. खरवडलं की आतून जाळी निघते, फोम निघतो, वर्तमानपत्राचे बोळे निघतात. पत्रा नामशेष, बातम्या मात्र वाचण्याच्या स्थितीत. हा सगळा भरणा स्पंजासारखा पाणी धरतो, त्यामुळे उरलेला चांगला पत्राही जातो. टोच्या मात्र जोर लावून मारायचा. मालक हळूच टोचतात, कारण त्यांना उत्तर नको असतं.

नुसता वरवरचा गंज असेल, पत्रा टणक असेल, तर नशीब. ग्राइंडरला पत्र्यावरचा रंग काढायची जाळीदार चकती किंवा ८० नंबरची फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पट्ट्यांची चकती) लावा. एका जागी रेंगाळू नका. बॉडीचा पत्रा जेमतेम पाऊण ते एक मिलिमीटर जाड असतो, तापला की लाटा येतात आणि त्या परत जात नाहीत. तारेच्या ब्रशवर फार विसंबू नका. तो खळग्यातला गंज काढत नाही, त्याला पॉलिश करतो. चकाकणारा तपकिरी पत्रा बघून माणूस समाधान पावतो आणि त्यावर रंग मारतो. शिवाय ब्रशच्या तारा सुटून उडतात, त्यामुळे चष्मा नव्हे, पूर्ण तोंड झाकणारी ढाल लावा. नाकाला मास्क हवाच, जुन्या रंगात शिसं असू शकतं.

खळग्यांत जे काळे ठिपके उरतात, त्यांच्यासाठी रस्ट कन्व्हर्टर. यातलं टॅनिक आम्ल गंजाशी मिळून काळं, टणक संयुग बनवतं. फॉस्फोरिक आम्लाचा प्रकार फॉस्फेट बनवतो. पत्रा डोळ्यांदेखत काळा पडतो आणि बघणाऱ्याला आपण रसायनशास्त्रज्ञ झाल्यासारखं वाटतं. इथेच घात आहे. द्रव जिथवर मुरतो तिथवरच त्याचं काम चालतं. सुट्या पापुद्र्यांवर लावला तर वरचा पापुद्रा काळा होतो आणि खाली जुनाच कारभार सुरू राहतो. स्वच्छ पत्र्यावर लावून उपयोग नाही, तिथे त्याला संयोग पावायला गंजच नसतो. ब्रश थेट बाटलीत बुडवू नका. ब्रशवरचा गंज आत जातो आणि बाटलीतलं औषध बाटलीतच खर्ची पडतं. लागेल तेवढं वाटीत ओता, उरलेलं फेका. लावल्यावर डब्यावर लिहिलेला वेळ वाळू द्या. आणि प्रायमर घेण्याआधी त्याचीही सूचना वाचा: काही एपॉक्सी प्रायमर (दोन घटक मिसळून लावायचे) आम्लाचा अंश राहिलेल्या पत्र्यावर धरत नाहीत.

टोच्या आरपार गेला तर कन्व्हर्टर, पुट्टी, फायबर कापड या सगळ्यांना नमस्कार करा. पत्रा कापावा लागतो. भोकाच्या कडेला नाही, तर चांगला पत्रा लागल्यावर आणखी २५ मिलिमीटर पुढे. भोक मुठीएवढं असेल तर कापलेला तुकडा ताटाएवढा होतो, आणि याच क्षणी बहुतेकांना गाडी विकायची इच्छा होते. कार्डबोर्डचा साचा करा, त्यावरून त्याच जाडीच्या पत्र्याचा तुकडा कापा, कोपरे गोल ठेवा. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा, अर्थचा चिमटा कामाच्या जवळ लावा, आतलं जाजम आणि गाद्या काढा, पेट्रोलच्या किंवा डिझेलच्या टाकीपासून लांब राहा आणि आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवा. जस्त चढवलेला पत्रा असेल तर कडेचं जस्त घासून काढा, त्याचा धूर छातीत घेण्यासारखा नसतो.

मिग वेल्डिंगला (यात तारच वितळून जोड भरते) ०.६ मिलिमीटरची तार लावा आणि टाके घाला. हो, टाकेच. एक इथे, दुसरा समोरच्या कडेला, तिसरा कोपऱ्यात, प्रत्येकी बोटभर अंतर ठेवून. हात लावता येईल इतकं गार झाल्याशिवाय शेजारचा टाका नको. एका दमात सरळ रेघ ओढली की पत्रा आक्रसतो, आणि मग सपाट दाराला पोट सुटतं. अख्खी शिवण भरायला दुपार जाते. शेजारी येऊन ‘अजून तेच?’ विचारतात, त्यांना ग्राइंडरचा आवाज ऐकवावा.

आता पुट्टी. ती खळगे सपाट करायला आहे, पत्र्याची जागा घ्यायला नाही. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड झाली तर आधीचं ठोकणं नीट झालेलं नाही. १०० ग्रॅमला साधारण २ ग्रॅम हार्डनर. ‘लवकर सुकेल’ म्हणून जास्त घातलात तर नंतर रंगातून डाग वर येतात. कमी घातलात तर ती उद्याही चिकटच. पुठ्ठ्यावर कालवू नका, तो राळ शोषून घेतो. काच किंवा प्लास्टिकची पाटी घ्या. फेटू नका, दाबून पसरवत कालवा, नाहीतर हवेचे बुडबुडे राहतात आणि घासल्यावर सुईची भोकं निघतात. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने लाकडी ठोकळ्यावर घासा, मग १८०. उघडी पुट्टी पाण्याने घासायची नाही. ती पाणी पिते आणि ते पाणी पत्र्यापर्यंत पोचवते.

वर एपॉक्सी प्रायमर, कारण साधा प्रायमर सच्छिद्र असतो आणि महिनोन्‌महिने उघड्यावर ठेवला तर त्यातून ओल उतरते. जोडांच्या फटी बुजवायला सीम सीलर, प्रायमरनंतर, आधी नाही. मग ३२० आणि ६०० नंबरच्या पेपरने घासणं, रंगाचे पातळ हात, दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं. रंगाबद्दल एवढंच सांगतो की गाडीच्या रंगाचा कोड तंतोतंत जुळला तरी नवा तुकडा वेगळा दिसणार, कारण बाकीची गाडी इतकी वर्षं उन्हात उभी होती. आणि रंगावरच्या दोन घटकांच्या क्लियरमध्ये (पारदर्शक थरात) आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं; साधा कापडी मास्क लावून तो फवारू नका.

चासीला भोक असेल तर मात्र थट्टा बंद. चासी आणि स्प्रिंगचे आधार ठोकून बघा, ब्रेकच्या नळ्या न ठोकता नजरेने तपासा, आणि चासीबद्दल शंका आली तर जाणत्या वेल्डरकडे न्या. तिथे बॉडीचा पातळ तुकडा चालत नाही. वरून रबरी काळा लेप तर मुळीच नको. गंजावर मारलेला लेप ओल आत कोंडतो.

सगळ्यात जास्त चुकवली जाणारी पायरी पत्र्याच्या मागच्या बाजूची. वेल्डिंगच्या उष्णतेने तिथला रंग जळून गेलेला असतो आणि ती जागा कोणाला दिसत नाही, त्यामुळे दोनेक वर्षांत तोच तुकडा पुन्हा फुगतो. रंग पक्का झाल्यावर निचऱ्याच्या भोकातून लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळ भागांत फवारायचं मेण) मारा, चहूकडे फवारणाऱ्या तोंडाची नळी घ्या, आणि दारं, उंबरठे, केबिनचे कोपरे, फाळका, सगळीकडे आत फिरवा. आधी भोकं तारेने मोकळी करा. काम झाल्यावर भोकांतून तपकिरी थेंब पडत राहतात, उन्हात जास्त. म्हणून गाडी कोणाच्या स्वच्छ फरशीवर लावू नका. थेंब पडत असतील तर निचरा चालू आहे. एखाद्या दाराखालची जमीन कोरडी राहिली तर तार घेऊन पुन्हा खाली बसा.