काळ्या मातीत डेक भिंतीला टांगू नका

घराला लागून डेक, म्हणजे लाकडी ओटा, कसा बांधायचा यावरच्या लेखात सल्ला आहे: 'आडवी पाटी एक्सपान्शन बोल्टने (छिद्रात फुगून घट्ट बसणाऱ्या बोल्टने) घराच्या भिंतीत घट्ट आवळा, बाहेरून दोन खांब पुरे'. डेकची घराकडची बाजू या पाटीवरच टेकते, म्हणून हा सल्ला आमच्या दारव्ह्याकडे (यवतमाळ जिल्हा) धोक्याचा आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराचा पाया मुरमावर अन् डेकचे खांब दीड फुटात, म्हणजे घर जागेवर राहतं, खांब वर-खाली होतात आणि सगळा ताण बोल्टवर येतो. डेकवर पंधरा माणसं बसली तर साधारण नऊशे किलो. त्यातलं निम्मं ओझं त्या पाटीवरच असतं.

आमच्याकडे दुसऱ्या पावसाळ्यानंतर सागाची पाटी बोल्टच्या रेषेत चिरली. जुनी भिंत, विटांची जुडाई (विटा जोडणारा थर) मातीची. बोल्ट बोटाने हलवला तर लाल भुगा गळायचा. पाटीमागे ओल धरलेली, त्यात उधईच्या (वाळवीच्या) मातीच्या नळ्या. लेखात जुडाईबद्दल एक शब्द नाही! छिद्र पाडायच्या आधी तेच बघायला हवं. आता डेक चारही बाजूंनी स्वतःच्या खांबांवर आहे, खड्डे मुरूम लागेपर्यंत खोदले, भिंतीपासून दोन बोटं फट सोडली.