मंगळावरून हल्ला होत नाहीये, लॉग नीट वाचा

गेले काही दिवस सर्व्हरच्या लॉगबद्दल, म्हणजे त्याच्या नोंदवहीबद्दल, एक मेसेज फिरतोय. ‘सर्व्हरच्या लॉगमध्ये खालीलपैकी एकही पत्ता दिसला तर तुमचा सर्व्हर हॅक झाला आहे’ असं ठळक अक्षरांत, खाली सात मुद्दे, आणि शेवटी फर्मान: हे सगळे पत्ते ब्लॉक करा, आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी, लांब पद्धत) बंद करा, सर्व्हर फॉरमॅट करा, प्रत्येक ॲडमिनपर्यंत पोचवा. पोचवलाच लोकांनी. भाच्यानं तो मला पाठवून विचारलं, ‘मावशी, फॉरमॅट मारू का?’ नको रे बाबा. आधी हे वाच.

मेसेजमधले जवळजवळ सगळे पत्ते कशासाठी राखून ठेवलेत, हे कुणापासून लपवलेलं नाही. एप्रिल २०१३ चं आरएफसी ६८९०, म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा एक जाहीर दस्तऐवज, उघडा. त्यात प्रत्येक खास पत्तागटासमोर होय-नाहीचे रकाने आहेत: हा पत्ता पॅकेटचा (नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याचा) प्रेषक असू शकतो का, प्राप्तकर्ता असू शकतो का, राउटरनं पुढे पाठवावा का, जगभर चालतो का. हीच यादी आयाना ही पत्ते वाटणारी संस्था अद्ययावत ठेवते. मेसेज लिहिणाऱ्यानं हे एक पान वाचलं असतं तर सातातले पाच मुद्दे लिहिलेच नसते.

पहिला मुद्दा: ‘::एफएफएफएफ: ने सुरू होणारा पत्ता म्हणजे हॅकरचा मुखवटा. ::एफएफएफएफ:०:०/९६ हा पूर्ण गट ब्लॉक करा.’

त्या तक्त्यात या गटासमोर प्रेषक: नाही, प्राप्तकर्ता: नाही, पुढे पाठवणं: नाही. म्हणजे हा पत्ता घेऊन तारेवरून कुणी यायचंच नाही. तो लिहितो तुमचाच कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. वेब सर्व्हर किंवा नोड.जेएसचा प्रोग्रॅम आयपीव्ही६ चं एकच सॉकेट (कनेक्शन घ्यायचं दार) उघडून त्यावर दोन्ही प्रकारची कनेक्शनं घेतो. आयपीव्ही४, म्हणजे जुन्या पद्धतीवरून, कुणी आलं की त्याचा ३२ बिटांचा पत्ता १२८ बिटांच्या जागेत बसवावा लागतो: आधी ८० शून्यं, मग १६ एक, मग मूळ पत्ता. ते १६ एक म्हणजेच एफएफएफएफ. त्यामुळे ::एफएफएफएफ:१९८.५१.१००.२३ दिसलं तर पाहुणा १९८.५१.१००.२३ आहे, बाकी काही नाही. काही लॉग शेवटचा भागही सोळाच्या पायावर लिहितात, ::एफएफएफएफ:सी६३३:६४१७ असा. घाबरू नका, दोन-दोन अंक सुटे करा: सी६ म्हणजे १२ गुणिले १६ अधिक ६, १९८. ३३ म्हणजे ५१, ६४ म्हणजे १००, १७ म्हणजे २३. तोच पत्ता.

आता ‘पूर्ण गट ब्लॉक करा’ या सल्ल्याचं काय होतं ते बघा. तुम्ही तो आयपी६टेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये, टाकलात तर काहीच होत नाही, कारण पॅकेट मुळात आयपीव्ही४ चं आहे आणि ते त्या फायरवॉलच्या वाटेनं जातच नाही. नियमाचा काउंटर शून्यावर बसून राहतो. पण तोच गट ॲप्लिकेशनच्या नकारयादीत टाकलात, तर त्या सॉकेटवर आयपीव्ही४ वरून येणारा प्रत्येक माणूस बाहेर. आयपीव्ही४ चे सगळे पत्ते याच गटात बसतात, दुसरीकडे कुठे नाही. हॅकर अडवायला निघालात आणि गिऱ्हाईकच दाराबाहेर ठेवलंत.

खरी अडचण वेगळी आहे आणि मेसेजमध्ये तिचा पत्ता नाही. परवानगीच्या यादीत १९८.५१.१००.२३ असेल आणि तुलना नुसती अक्षरांची असेल तर ::एफएफएफएफ: लागलेला तोच पाहुणा नाकारला जातो. आकडेवारीत एकच माणूस दोनदा मोजला जातो. इलाज दोन. तुलनेआधी भाषेच्या आयपी लायब्ररीतून पत्ता मूळ रूपात आणा, शोधा-आणि-बदला करून नाही. किंवा ०.०.०.० वर एक आणि [::] वर एक अशी दोन सॉकेटं उघडा आणि दुसऱ्यावर आयपीव्ही६_व्ही६ओन्ली (‘फक्त आयपीव्ही६ घे’ हा पर्याय) चालू ठेवा. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये आवृत्ती १.३.४ पासून ते मुळातच चालू असतं. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर ते मुळात चालू, ओपनबीएसडीवर तर मिश्र सॉकेट मिळतच नाही. म्हणून तोच प्रोग्रॅम लिनक्सवर ‘मुखवटा’ दाखवतो आणि तिथे नाही.

अर्धं सत्य द्यायचंच तर एवढं: वापरकर्त्यानं दिलेल्या लिंकवर तुमचा सर्व्हर स्वतः जात असेल आणि तुम्ही फक्त ‘१२७.०.०.१’ (यंत्राचा स्वतःचाच आतला पत्ता) ही अक्षरं अडवत असाल, तर ::एफएफएफएफ:१२७.०.०.१ लिहून कुणी आत शिरू शकतं. पण ते तुमच्या तपासणीचं भोक झालं. लॉगमधल्या पत्त्याचा त्यात दोष नाही.

दुसरा मुद्दा वाचून तर कपाळावर हात मारला. ‘मार्शन सोर्स असं दिसलं तर अज्ञात नेटवर्कवरून हल्ला चालू आहे. त्यापुढचा पत्ता ताबडतोब ब्लॉक करा.’

मार्शन म्हणजे मंगळवासी, हा नेटवर्कवाल्यांचा जुना विनोद: या जागी असूच शकत नाही असा पत्ता. जून १९९५ च्या आरएफसी १८१२ मध्ये, म्हणजे राउटरांच्या नियमावलीत, त्यावर स्वतंत्र कलम आहे. लिनक्सची ओळ अशी दिसते:

मार्शन सोर्स २०३.०.११३.१० फ्रॉम १९२.१६८.१.५०, ऑन डेव्ह ईटीएच१

इथेच सगळे फसतात. वाचताना वाटतं की ‘सोर्स’ शब्दाला लागून आलेला पत्ता प्रेषकाचा. तसं नाही. कर्नल आधी प्राप्तकर्ता छापतो, मग ‘फ्रॉम’नंतर प्रेषक. म्हणजे वरच्या ओळीत २०३.०.११३.१० हा बहुतेक तुमचा स्वतःचाच पत्ता आहे! मेसेज सांगतो तो ब्लॉक करा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. आयपीटेबल्सच्या इनपुटमध्ये (फायरवॉलच्या, आत येणाऱ्या पॅकेटांच्या नियमांत) तो प्रेषक म्हणून ड्रॉप केलात तर बाहेरचे लोक येत राहतील, पण सर्व्हर स्वतःच्याच पत्त्यावर बोलू शकणार नाही: डेटाबेसला होस्टनावानं जोडणारं ॲप, स्वतःलाच तपासणारा मॉनिटर, सगळं टाइमआउट. आणि बाहेरच्या फायरवॉलवर दोन्ही दिशांनी अडवलात तर सर्व्हर गायब.

शिवाय ती ओळ छापली गेली तेव्हा कर्नलनं पॅकेट आधीच टाकून दिलेलं असतं. दिसते ती नोंद, घुसखोरी नव्हे. ती दिसण्यासाठीही लॉग_मार्शन्स ही कर्नलची सेटिंग १ असावी लागते.

मग पॅकेट आलं कुठून? त्याच ओळीखाली एलएल हेडर नावाची दुसरी ओळ असते, तिच्याकडे कुणी बघत नाही. इथरनेटवर त्यातले पहिले ६ बाइट प्राप्तकर्त्याचा मॅक (नेटवर्क कार्डाचा क्रमांक), पुढचे ६ पाठवणाऱ्याचा मॅक, शेवटचे दोन प्रकार. ०८ ०० म्हणजे आयपीव्ही४. पाठवणाऱ्याचा मॅक आयपी नेबर या कमांडच्या यादीत शोधा. तो राउटरचा असेल तर पॅकेट राउटरपलीकडून आलं. दुसऱ्या कुणाचा असेल तर उपद्रवी यंत्र तुमच्याच स्विचवर आहे, आणि बहुतेकदा ते चुकीचा पत्ता लावलेलं बिचारं यंत्र निघतं.

नेहमीचं कारण मात्र तुमचीच रचना. सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं आहेत, विनंती ईटीएच१ वर आली, पण राउटिंग टेबलप्रमाणे उत्तराची वाट ईटीएच० वरून आहे. आरपी_फिल्टर ही पॅकेट योग्य दारातून आलं का ते तपासणारी सेटिंग १ वर असेल, म्हणजे कडक, तर कर्नल म्हणतो हा पत्ता या दारातून यायलाच नको होता. व्हीपीएन, कंटेनरांचे ब्रिज, एकाच सबनेटमध्ये लावलेली दोन कार्डं, सगळीकडे हेच. त्या कार्डाला आरपी_फिल्टर २ करा, म्हणजे सैल, किंवा आयपी रूलनं त्या कार्डाची वेगळी वाट लिहून द्या. कार्डापुरतं ० करून बघणारे पुष्कळ असतात आणि फरक पडत नाही म्हणून वैतागतात. पडणार नाहीच: कर्नल ‘ऑल’ची, म्हणजे सगळ्या कार्डांसाठीची, किंमत आणि कार्डाची किंमत यातली मोठी धरतो. ऑल १ असताना कार्डाचं ० वाया. २ मात्र चालतं.

बाहेरच्या कार्डावर ‘फ्रॉम १२७.०.०.१’ किंवा ‘फ्रॉम’ तुमचाच पत्ता, अशी ओळ आली तर मात्र कुणी तरी खोटा पत्ता लावलेला असू शकतो, कबूल. तरीही ते पॅकेट केराच्या टोपलीतच गेलेलं आहे.

तिसरा: ‘प्रत्येक विनंती १२७.०.०.१ वरून दिसते म्हणजे हॅकर आत बसला आहे.’ आत बसलाय तो तुमचा रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे ॲपच्या पुढे बसून विनंत्या आत देणारा सर्व्हर. ॲपला प्रॉक्सीचाच पत्ता दिसणार. खरा पत्ता एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडरमध्ये असतो. तो ॲपच्या मांडणीत वाचायला सांगा. मागचा सर्व्हर एनजिनएक्स असेल तर सेट_रिअल_आयपी_फ्रॉम, अपाची असेल तर रिमोटआयपी मॉड्यूल. विश्वास फक्त प्रॉक्सीच्या पत्त्यावर ठेवा. आळसानं तिथे ०.०.०.०/० लिहिलंत आणि सर्व्हर थेट बाहेरूनही गाठता येत असेल, तर कुणीही मनाला येईल तो हेडर पाठवेल आणि लॉग त्याच्या हुकमानं लिहिला जाईल. १२७.०.०.१ ब्लॉक करायचा सल्ला पाळलात तर प्रॉक्सी आणि ॲप यांचं बोलणं बंद, स्थानिक डेटाबेस बंद, आणि इनपुटमध्ये १२७ चा पूर्ण गट उडवलात तर १२७.०.०.५३ वर बसलेला नाव शोधणारा सिस्टमडी-रिझॉल्व्हडसुद्धा बंद.

चौथा, ०.०.०.० चा मुद्दा दोन ओळींचा. एसएस -एलटीएन या कमांडच्या यादीत ०.०.०.०:५४३२ म्हणजे ‘माझ्या सगळ्या पत्त्यांवर ऐकतोय’, आणि समोरच्या रकान्यातलं ०.०.०.०:* म्हणजे अजून कुणी जोडलेलं नाही. निनावी माणूस नव्हे. पॅकेटमध्ये प्रेषक ०.०.०.०, पोर्ट ६८ वरून २५५.२५५.२५५.२५५ च्या ६७ वर, ही कुणा यंत्राची डीएचसीपीकडे, म्हणजे नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सेवेकडे, पत्त्याची मागणी. डेटाबेस असा सगळीकडे ऐकत असेल तर तो १२७.०.०.१ वर बांधा, हे खरं. ते या मेसेजशिवायही खरं होतं.

पाचवा मुद्दा एफई८०: चा. याने सुरू होणारे पत्ते प्रत्येक आयपीव्ही६ कार्ड स्वतःच घेतं आणि ते त्या तारेपलीकडे जात नाहीत. राउटर आपल्या जाहिराती (‘मी इथे आहे’ असे निरोप) याच पत्त्यावरून पाठवतो. हा गट अडवलात तर आयपीव्ही६ कधी लगेच तुटतं, कधी राउटरच्या जाहिरातीची मुदत संपल्यावर. ती बहुतेकदा १८०० सेकंद असते. तोवर तुम्ही नियम टाकल्याचं विसरलेले असता आणि दोष दुसऱ्यालाच देत बसता.

सहावा, १६९.२५४ चा गट: डीएचसीपीनं उत्तर दिलं नाही की अनेक यंत्रं यातला पत्ता स्वतःच लावून घेतात, मे २००५ च्या आरएफसी ३९२७ प्रमाणे. तेव्हा केबल, व्हीलॅन आणि डीएचसीपी तपासा. क्लाउडवर १६९.२५४.१६९.२५४ म्हणजे मेटाडेटा सेवा, सर्व्हरला स्वतःची माहिती आणि तात्पुरत्या किल्ल्या देणारी. ॲमेझॉनच्या क्लाउडवर १६९.२५४.१६९.१२३ वर वेळ मिळते. तिथे पूर्ण गट अडवलात तर सर्व्हरचं घड्याळ सरकू लागेल आणि तात्पुरत्या किल्ल्यांचं नूतनीकरण थांबेल. मात्र हाच पत्ता वेब लॉगमध्ये यूआरएलच्या प्रश्नभागात आला, म्हणजे ‘यूआरएल=’ नंतर १६९.२५४.१६९.२५४, तर कान टवकारा. कुणी तरी तुमच्या ॲपकडून मेटाडेटातल्या किल्ल्या काढून घ्यायला बघतोय. सात मुद्द्यांत खरोखर धोक्याच्या जवळ जाणारा हा एकच, आणि मेसेजनं तोही चुकीच्या जागी दाखवला.

सातवा मुद्दा एसएसएचचा, म्हणजे दुरून सर्व्हरवर लॉगइन करायच्या सोयीचा: ‘पॉसिबल ब्रेक-इन अटेम्प्ट’. इथे मेसेजवाल्याला पूर्ण दोष देता येत नाही, ओपनएसएसएचच्या जुन्या आवृत्त्या हेच शब्द मोठ्या अक्षरांत ओरडायच्या. अर्थ एवढाच की पत्त्यावरून नाव मिळालं, पण त्या नावावरून तो पत्ता परत मिळाला नाही. हा कुणाच्या तरी डीएनएसचा, म्हणजे नाव-पत्त्यांच्या नोंदीचा, गलथानपणा. नंतरच्या आवृत्त्यांतून ते शब्द काढून टाकले, आणि ६.८ पासून यूजडीएनएस ही तपासणीची सेटिंग मुळातच ‘नो’ आहे.

राहिला शेवटचा हुकूम. कर्नलला आयपीव्ही६.डिसेबल=१ देऊन रीबूट केलंत आणि एनजिनएक्सच्या मांडणीत [::]:८० असेल, तर तो ९७ क्रमांकाची चूक देऊन सुरूच होणार नाही; आयपीव्ही४ ची साइटही गेली. आणि फॉरमॅट? घुसखोरी खरंच झाली असेल तर फॉरमॅटनं तो कुठून आला हेच पुसलं जातं, आणि बॅकअपमधून तेच भोक परत येतं. संशय असेल तर आधी डिस्कची प्रत घ्या. मग लॉगइनच्या नोंदी असलेल्या ऑथ.लॉगमध्ये ‘अ‍ॅक्सेप्टेड’ असलेल्या ओळी काढा. ‘फेल्ड’ हजारो असतात, त्यांनी काही सिद्ध होत नाही. प्रत्येक खात्याची ऑथराइज्ड_कीज बघा, क्रॉनच्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या) याद्या बघा, एसएस -टीएनपीनं कोणती प्रक्रिया बाहेर कुणाशी बोलतेय ते बघा. यात अनोळखी काही सापडलं तर ती ओळ मला पाठव.