साडी उलटी करून बघा

दसरा-दिवाळी आणि त्यामागोमाग लग्नसराई आली की साड्यांच्या फोटोंनी फेसबुकच्या भिंती भरून जातात, आणि प्रत्येक फोटोखाली तोच प्रश्न असतो : "ओरिजिनल आहे का हो?" उत्तरं देणारे रंगाकडे, काठाकडे आणि किमतीकडे बघून उत्तर देतात. साडीची उलटी बाजू मात्र कुणी मागत नाही. सुलट बाजू गिऱ्हाइकासाठी विणलेली असते. ती कशी विणली, हे उलट बाजूलाच लिहिलेलं असतं.

आधीच सांगते, मला यंत्रमागाबद्दल काहीही आकस नाही. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी, सोलापूर इथल्या मागांवर अर्ध्या महाराष्ट्राचं कपाट भरतं. रोज ऑफिसला नेसायला, लोकलमध्ये चुरगाळायला ती साडी उत्तम. चीड येते ती यंत्रमागाची साडी हातमागाच्या नावानं आणि भावानं विकली जाते तेव्हा. ‘सेमी पैठणी’ हा शब्द तर मला मुळीच आवडत नाही. अर्धी पैठणी म्हणजे काय? तिला पैठणी नक्षीची साडी म्हणा, भाव बरोबर लावा, लोक आनंदानं घेतील.

पैठणीपासूनच सुरुवात करू. पैठण आणि येवला ही तिची दोन गावं. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पारंपरिक पैठणीच्या पदरातला मोर, पोपट, कमळ किंवा आसवलीची फुलवेल आडव्या धाग्यानंच घडते. त्यासाठी वेगळा तिसरा धागा घातलेला नसतो. प्रत्येक रंगाची छोटी कांडी वेगळी असते. विणकर जिथपर्यंत तो रंग हवा तिथपर्यंतच ती नेतो, शेजारच्या धाग्यात अडकवतो आणि मागे फिरवतो. त्यामुळे पदर उलटा केला तरी मोर तसाच दिसतो, मागे धागे लोंबत नाहीत. यंत्रावर हा खेळ जमत नाही. तिथे रंगीत धागा काठापासून काठापर्यंत जातो आणि नको तिथे मागच्या बाजूला मोकळा राहतो. मग ते मोकळे धागे कापतात. मागून बोट फिरवलं की दाढीच्या खुंटांसारखं टोचतं, किंवा जाळीसारखे लांब धागे दिसतात. हे झाकायला काही ठिकाणी मागून पातळ जाळीचं कापड चिकटवून देतात. ते दिसलं तर प्रश्न संपलाच.

इथे एक गोम आहे. येवल्यातच हातमागाला जॅकार्ड (नक्षीसाठी लागणारे उभे धागे आपोआप उचलणारं साधन) बसवून ब्रोकेड, म्हणजे जादा धाग्यानं नक्षी काढलेली पैठणीही विणतात आणि तिच्या मागे धागे असतात. म्हणजे मागे धागे दिसले की लगेच ‘फसवलं’ म्हणून ओरडू नका. ती हातमागाची असू शकते, पण तिचं विणकाम सोपं आणि जलद असतं, तेव्हा भावही त्याच हिशेबानं हवा. आणखी एक खूण : पदरातले दोन मोर शेजारी ठेवून बघा. हातानं विणलेल्यात डाव्या मोराची मान उजव्यापेक्षा धागाभर जाड-बारीक निघते. दोन्ही मोर छापल्यासारखे तंतोतंत सारखे असतील तर मला शंका येते. भरल्या पदराला महिनोन् महिने लागतात. अस्सल रेशमावर हातानं विणलेला असा पदर तीन हजारांत येऊच शकत नाही, दुकानदार कितीही गोड बोलला तरी.

जरीबद्दल थोडक्यात. खरी जर म्हणजे रेशमी दोऱ्यावर गुंडाळलेली चांदीची तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. ‘टेस्टेड’ म्हणतात तिच्यात चांदीऐवजी तांबं असतं, म्हणून ती काही वर्षांनी काळी-तांबूस पडते. तिसरी प्लॅस्टिकची, म्हणजे चकचकीत पॉलिएस्टर पट्टीची. ही काळी पडत नाही, पण घामानं टोचते आणि गरम इस्त्रीनं आखडते. मला विचाराल तर रोजच्या वापराच्या साडीत प्लॅस्टिकची जर चालेल. पण ‘काळी पडणार नाही’ ही तिची जमेची बाजू म्हणून सांगून रेशमी साडीत ती गळ्यात मारतात, ते मला खटकतं.

सिल्क मार्कवरही लोक डोळे मिटून विसंबतात. ते लेबल फक्त रेशीम शुद्ध असल्याचं सांगतं. साडी हातमागाची की यंत्रमागाची, जर खरी की खोटी, यातलं काहीही ते सांगत नाही. हातमागासाठी हँडलूम मार्क वेगळा आहे. शुद्ध रेशमाची पण यंत्रावर विणलेली साडी सिल्क मार्क लावून विकता येते, कारण त्या लेबलाचा प्रश्न फक्त रेशमापुरता आहे. फसगत होते ती आपण लेबलातून जास्तीचा अर्थ काढतो म्हणून.

काठाला टाचणीची भोकं असली की हातमाग, असं सर्रास सांगितलं जातं. यावर भिस्त ठेवू नका. कापड ताणून धरणारं साधन यंत्रमागालाही असतं आणि त्याचीही भोकं पडतात. त्यापेक्षा काठाची अगदी कड बघा. धोट्यानं, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या साधनानं विणलेल्या कापडात आडवा धागा कडेला वळून परत आत जातो, कड बंद असते. धोटा नसलेल्या नव्या वेगवान मागांवर धागा दर फेरीला कापला जातो आणि कडेला बारीक झालर राहते. झालर दिसली तर तो हातमाग नक्कीच नाही. कड बंद असेल तर मात्र दोन्ही शक्यता उरतात, कारण जुन्या यंत्रमागालाही धोटा असतो.

आता माझ्या सगळ्यात लाडक्या साडीकडे येते : इरकल. पैठणीचा मान मोठा, पण ती वर्षातून दोनदा कपाटाबाहेर येते. सुती-रेशमी इरकल मे महिन्यातही नेसता येते. गाव कर्नाटकातलं, बागलकोट जिल्ह्यातलं इळकल. पण आपल्याकडे सोलापूर-कोल्हापूरपासून मराठवाड्यापर्यंत ती इतकी रुळली आहे की तिला परगावची म्हणवत नाही. तिची खरी करामत पदराच्या सांध्यात आहे. अंगाचे उभे धागे वेगळे, पदराचे उभे धागे वेगळे, आणि दोन्ही एकमेकांत फासे घालून जोडलेले. त्यामुळे विणकराला प्रत्येक साडीसाठी ताणा, म्हणजे उभे धागे, नव्यानं लावावा लागतो. यंत्रमागावर एकाच लांबलचक ताण्यावर साड्यांमागून साड्या निघतात, तिथे ही जोडणी परवडत नाही.

यातून एक सोपी परीक्षा मिळते. पदराच्या टोकाच्या दशा बघा. त्या म्हणजे उभे धागेच. पारंपरिक इरकलीत अंग हिरवं, निळं किंवा काळं असलं तरी दशा लाल रेशमाच्या असतात, कारण पदराचा ताणाच लाल. नकली इरकलीत अंगाचाच ताणा पदरातून पुढे जातो, म्हणून दशा अंगाच्या रंगाच्या निघतात आणि पदराचा लालही अंगाच्या रंगात मिसळून मळकट दिसतो. हे बघायला पाच सेकंद लागतात आणि भिंग लागत नाही. इरकलीत अंग सुती, रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचं असं तिन्ही प्रकारचं येतं, तेव्हा तेवढं स्पष्ट विचारून घ्या.

खणाच्या साडीबद्दल मी वाईटपणा घ्यायला तयार आहे. खण हे मूळचं चोळीचं कापड, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचं. पन्हा (कापडाची रुंदी) लहान, दोन्ही बाजूंना काठ, त्रिकोणी घडी. चोळीला ते अप्रतिम. त्याची नक्षी वापरून केलेल्या साड्या बहुतेक यंत्रमागावरच्या असतात आणि त्यात पॉलिएस्टर मिसळलेलं असतं. नक्षी दाट, त्यामुळे निऱ्या फुगतात आणि उन्हाळ्यात अंगाला चिकटतात. शिवाय हल्ली खणाचे परकर, खणाच्या पर्स, खणाची तोरणं, खणाच्या डायऱ्यासुद्धा. पुरे! साधी सुती साडी आणि अस्सल खणाचा ब्लाउज ही जोडी मला हजारपट आवडते. फक्त पन्हा लहान असतो हे लक्षात ठेवा. छाती 38 इंचांच्या पुढे असेल किंवा कोपरापर्यंत बाही हवी असेल तर एका खणात भागेलच असं नाही. एकाच ताग्यातले दोन घ्या, नंतर तोच रंग मिळत नाही.

सुती साडी घेताना सगळ्यात मोठी फसवणूक खळीची असते. दुकानात कडक, भरदार वाटणारी साडी पहिल्या धुण्यात फडक्यासारखी होते. कोपरा दोन बोटांत जोरात चोळा. पांढरी भुकटी सुटली आणि कापड विरळ पडलं तर भरदारपणा खळीचा होता. मग ते उजेडासमोर धरा आणि विणीतली अंतरं बघा. काउंट विचारा : आकडा जितका मोठा तितका धागा बारीक. रोजच्या वापराला मला 80 बरा वाटतो. 100-120 मऊसूत असतो, पण निगा जास्त मागतो आणि लवकर विरतो.

पन्हा आणि लांबी दुकानातच टेप लावून मोजा, लाजू नका. साडी साडेपाच मीटर आणि ब्लाउजपीस 80 सेंटिमीटर, असं मिळून 6.30 व्हायला हवं. काही साड्यांमध्ये ब्लाउजपीस वाढवून साडी सव्वापाचवर आणतात. मग निऱ्या चारच पडतात आणि दोष मात्र नेसणारीच्या अंगकाठीला. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. 46 इंचांचा पन्हा 4 टक्के आटला तरी पावणेदोन-दोन इंच गेले. उंच बाईला हा फरक घोट्यावर दिसतो.

धागा जाळून बघायचा असेल तर उभा आणि आडवा असे दोन्ही धागे काढा. भेसळ बहुतेक आडव्यात असते आणि पदराच्या दशांतून फक्त उभाच मिळतो. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो आणि टोकाची गोळी चुरगळते. पॉलिएस्टर वितळतं, गोळी टणक होते. सूत कागदासारखं जळतं, पण रेयॉनही अगदी तसंच जळतं, म्हणून तिथे दुसरी युक्ती : धागा ओला करून ओढा. रेयॉन ओलं झालं की पटकन तुटतं, सूत ओलं झालं तरी दम धरतं.

एवढं सगळं बघून घेतलेल्या साडीचा विचका होतो तो फॉलमध्ये आणि ब्लाउजमध्ये. सुती फॉल रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच लावायला द्या. न भिजवता लावलेला फॉल पहिल्या धुण्यात आटतो, साडी तेवढी आटत नाही, आणि खालची कड चुण्याचुण्यांची होते. तीच गोष्ट अस्तराची. ब्लाउज एकदा धुतल्यावर छातीवर सुरकुतला तर शिंप्याला शिव्या देण्याआधी अस्तर भिजवलं होतं का ते आठवा. रेशमी साडीचा फॉल मी हातशिलाईनंच घ्या म्हणेन. मशीनची टीप उसवायची वेळ आली की रेशमावर भोकांची रांग राहते.

ब्लाउजच्या मापात गळ्यावर चर्चा तासभर आणि मुंढ्यावर (बाही जोडतात त्या भागावर) एक मिनिटसुद्धा नाही, हे मला कोडंच आहे. हात वर केला की अख्खा ब्लाउज वर चढतो, त्याचं कारण मुंढा खोल कापलेला असतो. ‘मोकळा ठेवा’ म्हणून आपणच सांगतो आणि उलटं होतं. मुंढा काखेच्या जवळ असेल तर हात मोकळा फिरतो, ब्लाउज जागचा हलत नाही. पाठीचा गळा 9-10 इंच हवा असेल तर पुढचा साडेसहापेक्षा खोल नेऊ नका, नाहीतर खांदे घसरतात आणि मग नाडी बांधूनही सावरत नाहीत. जुना ब्लाउज मापाला देणं टाळा. तो वापरून सैलावलेला असतो, आणि नवा खण किंवा रेशीम तितकं ताण देत नाही. अंगावर माप द्या आणि दोन्ही बाजूंच्या शिवणीत इंच-दीड इंच माया (जादा कापड) ठेवायला बजावून सांगा. माया कापून टाकणारा शिंपी कितीही सुबक शिवत असला तरी मला नको.

धुण्याबाबत, मिठाच्या पाण्यात भिजवून सुटणारा रंग पक्का होतो या समजुतीवर विसंबू नका, त्यानं फारसं काही साधत नाही. घेतानाच पांढरा रुमाल ओला करून लाल-मरून भागावर घासा. रुमाल रंगला तर ती साडी पहिल्या दोन-तीनदा एकटीच, गार पाण्यात, न भिजत घालता धुवायची. खळ केलेली साडी कपाटात घालून ठेवू नका, खळीला कसर लागते. रेशमी साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता जुन्या मलमलीत गुंडाळा आणि तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळी घाला, नाहीतर साडी घडीवरच विरते.

आणि हो, नवी इरकल घेतली की दुकानातच पदराला लोकरीचे, मण्यांचे, घुंगरांचे गोंडे लावून देण्याची टूम निघाली आहे. ज्या दशा बघून साडी पारखायची त्याच त्या गोंड्यांत दडतात. गोंडे आधीच लावलेले असतील तर एक गाठ सोडून दाखवा म्हणा. दुकानदार का-कू करायला लागला तर पुढची साडी बघा.