साल्साचा रेकॉर्ड कुणामुळे हुकला? माझ्याकडे शीट आहे

रविवारचा आपला साल्साचा रेकॉर्ड, म्हणजे सगळ्यात जास्त माणसांनी एकाच वेळी साल्सा नाचायचा, तो हुकला हे एव्हाना सगळ्यांना कळलंय. ६१ माणसं कमी पडली. हुकला तर हुकला, मी काही त्यासाठी अन्नपाणी सोडलेलं नाही. पण सोमवार सकाळपासून ग्रुपवर जे चाललंय ते वाचून डोकं फिरलंय, आणि मी उत्तर टाइप करेपर्यंत ग्रुप 'ओन्ली अ‍ॅडमिन' करून टाकला, म्हणून इथे लिहितोय. "क्राउडच चुकीचा होता." "सीनियर सिटिझन लोकांना घ्यायलाच नको होतं." "भजनी मंडळं आणून वर्ल्ड रेकॉर्ड होत नसतात." हे शेवटचं ज्याने टाकलंय त्याला मी ओळखतो, नाचतो झकास, नाव घेत नाही. पण मित्रा, मैदानावरच्या ज्या चौकोनातल्या पन्नास जणांवर मी लक्ष ठेवत होतो त्यात तू होतास. आणि कोण चुकलं ते लिहिलेली त्या चौकोनाची शीट अजून माझ्या बॅगेत आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पुण्यात साल्सा करणारे लोक भरपूर आहेत, कोरेगाव पार्क, बाणेर, कल्याणीनगर, आठवड्यात दोन-तीन ठिकाणी 'सोशल' असतात, म्हणजे एखाद्या कॅफेची गच्ची, चार-पाचशे एंट्री, त्यात एक ड्रिंक, आणि रात्रभर नाच. चार वर्षं जातोय मी. पहिले सहा महिने लाइम सोडा हातात धरून भिंतीला टेकून काढले कारण ज्यांना येतं ते ज्यांना येतं त्यांच्याशीच नाचतात. ही तक्रार नाही, असंच असतं ते. पण रेकॉर्डला जेवढी डोकी लागणार होती तेवढे साल्सावाले अख्ख्या पुण्यातून गोळा केले तरी भरणार नव्हते. मग एकदम मेसेज फिरायला लागले, अनुभवाची गरज नाही, घरच्यांना घेऊन या, आईला आणा, आत्याला आणा, सोसायटीच्या ग्रुपवर टाका. आणि लोक आले ना! झुंबाची बॅच आली, लाफ्टर क्लब आला, ढोल पथकातली पोरं आली, हिंजवडीवरून कंपनीची बस सोडून थेट आलेले लोक पाठीवर लॅपटॉपची बॅग घेऊन नाचायचे. आणि कर्वेनगरातून एक काकू त्यांच्या भजनी मंडळातल्या सात मैत्रिणी घेऊन आल्या, साडी आणि खाली पांढरे स्पोर्ट्स शूज.

पहिल्या प्रॅक्टिसचं सांगतो. साल्सा आठ काउंटचा, पण पाय टाकायचे सहाच, एक-दोन-तीन, मग पाच-सहा-सात, चारला आणि आठला काही करायचं नाही. हे ऐकायला सोपं वाटतं पण नवीन माणूस त्या चारला हमखास अडखळतो, मोकळी जागा दिसली की पाय टाकतोच. सर माइकवर ओरडतायत, फाइव्ह सिक्स सेव्हन, आणि अर्धं मैदान बेडकासारखं उड्या मारतंय. काकूंनी हात वर केला. "चारला काय करायचं?" सर म्हणाले, काही नाही काकू, पॉज. काकू म्हणाल्या, "म्हणजे मात्रा आहे पण पाय नाही." मग मागे वळून मैत्रिणींना, "अगं आपला केरवा तालच धरा, आठ मात्रा, चौथी आणि आठवी सोडायची, आणि पाचवर खाली, म्हणजे टाळीशिवायची मात्रा, येते ना तिथे परत पाय." दहा मिनिटांत आठही जणी तालात. आयुष्यभर टाळ वाजवलेल्या बायका आहेत हो त्या, लय काय यूट्यूबवरून शिकायचीये त्यांना? नंतर सरांनी क्लावे दाखवली, म्हणजे दोन लाकडी दांड्या, आपल्या टिपऱ्यांपेक्षा आखूड आणि जाड, एकमेकींवर मारायच्या, आधी तीन ठोके मग दोन, किंवा आधी दोन मग तीन, सगळं गाणं त्या पाच ठोक्यांवर उभं असतं. मला क्लावे ऐकू यायला दोन वर्षं लागली होती. काकूंनी दोन वेळा ऐकली आणि टाळीवर धरली. मला जरा राग आला, खरं सांगतो.

आणि मुळात ज्यांना भजनी मंडळ म्हणजे शिवी वाटते त्यांनी आपण नाचतो ते कुठून आलंय हे एकदा बघावं. क्यूबातलं सोन आणि मांबो नावाचं संगीत, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे ढोल, ते सगळं न्यूयॉर्कमध्ये गेलं, तिथे पोर्तो रिको आणि क्यूबावरून आलेल्या लोकांच्या वस्त्यांमध्ये साठ-सत्तरच्या दशकात शिजलं आणि त्याला साल्सा नाव चिकटलं. १९६४ साली फानिया नावाची रेकॉर्ड कंपनी निघाली, तिने ते जगभर नेलं. साल्सा म्हणजे शब्दशः सॉस, आपल्याकडे असतं तर चटणी म्हणालो असतो. घरच्या कार्यात, गल्लीत, आजीपासून नातवापर्यंत सगळे नाचतात असा प्रकार आहे हा. साल्साची मोठी गायिका सेलिया क्रूझ सत्तरी ओलांडल्यावरही स्टेजवर गात होती, तिलाही सीनियर सिटिझन म्हणून गेटवर अडवणार का?

मला स्वतःला सगळ्यात जास्त मजा रुएदाला यायची. हा हवानातला प्रकार, पन्नासच्या दशकातला, जोड्यांनी गोल करायचा, एक जण मध्ये ओरडतो आणि 'दामे' म्हटलं की सगळ्यांनी पुढची जोडीदार घ्यायची. समोर जो येईल तो तुमचा, आवडनिवड नाही. एकदा असंच दामे झालं आणि हिंजवडीवाल्या एका पोराच्या समोर काकू आल्या. असेल बावीस-तेवीसचा. त्याने आधी वाकून नमस्कार केला आणि मग हात धरला. त्यात दोन काउंट गेले, अख्खा गोल कोलमडला, आम्ही हसून हसून खाली बसलो. पुढे ते दोघं प्रत्येक प्रॅक्टिसला शेजारी. ती त्याला डब्यातून थालीपीठ आणायची, तो तिला घरी सोडायचा बाइकवरून.

पण रेकॉर्डला रुएदा घेतलाच नाही. गोल मोजायचा कसा, व्हिडिओत कोण कुठे गेलं कळणार नाही, म्हणून सगळ्यांनी स्टेजकडे तोंड करून, ओळीत, एकेकटं, ठरलेल्या स्टेप्स. मोजायला सोपं. पण हात न धरता केलेला साल्सा म्हणजे मला फोडणीशिवाय आमटी वाटते. असो, तो वेगळा विषय.

मी स्ट्युअर्ड, म्हणजे नाचणाऱ्यांवर लक्ष ठेवून मोजणारा, कसा झालो ते पण सांगतो, नाहीतर म्हणाल हा कोण मोठा परीक्षक. साल्साच्या शूजना खाली स्वेडचा सोल असतो, लाकडी फ्लोअरवर तो गुळगुळीत फिरतो. गवतावर त्याचा काही उपयोग नाही म्हणून सगळ्यांना साधे स्पोर्ट्स शूज घालायला सांगितलं. आता रबरी सोल जमिनीला धरतो, वरचं अंग फिरतं आणि पाऊल तिथेच राहतं, मग मधल्यामध्ये गुडघा पिळला जातो. तिसऱ्या आठवड्यात माझा पिळला गेला. डॉक्टर म्हणाले सहा आठवडे नाच बंद. मग मला क्लिपबोर्ड दिला.

नियम कडक असतात, आणि ते बरोबर आहे असंच माझं मत आहे. दर ५० माणसांमागे एक स्ट्युअर्ड, वर बाहेरचे साक्षीदार, गेटवर मनगटाला बँड बांधून मोजणी, सगळ्यांनी एकाच वेळी एकच नाच सलग पाच मिनिटं करायचा. जो थांबला, बाहेर गेला किंवा वेगळंच काही करायला लागला तो वजा. आपल्या सांगलीत २६ जानेवारी २०१४ ला ७३३८ जणांनी लेझीमचा रेकॉर्ड केला, २०२३ च्या डिसेंबरात इथे एसपी कॉलेजच्या मैदानावर ३०६६ पालकांनी मुलांना गोष्टी वाचून दाखवल्या, म्हणजे आपल्या लोकांना हे जमत नाही असं अजिबात नाही. गंमत म्हणजे हे गिनीजचं पुस्तक निघालंच मुळी भांडणातून. १९५१ साली आयर्लंडमध्ये शिकारीला गेलेल्या एका बिअर कंपनीच्या साहेबांचा वाद झाला की युरोपात ज्यांची शिकार करतात त्या पक्ष्यांतला सगळ्यात वेगवान कुठला, आणि उत्तर कुठल्याच पुस्तकात मिळेना, म्हणून १९५५ ला हे पुस्तक काढलं. असले वाद मिटवायला. आणि आमच्या ग्रुपवर बघा.

तर रविवार. मैदानावर फक्की मारून चौकोन आखलेले, प्रत्येकात पन्नास. रिपोर्टिंग दुपारी चारला, नाच सहाला. प्रत्यक्षात सुरू झाला पावणेनऊला. पावणेनऊ! कारण आधी साउंड बसेना, मग ड्रोनवाला आला नाही, मग एक मान्यवर आले, त्यांचा सत्कार, शाल, श्रीफळ, त्यांचं भाषण, मग त्यांच्याबरोबर आलेल्या आणखी दोन मान्यवरांचे सत्कार. दहाला स्पीकर बंद करावा लागतो हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल, त्यामुळे दोनदा करून बघायची सोय पण गेली. आणि तोवर साडेसातपासून लोक निघायला लागले. लहान मुलं रडतायत, उद्या शाळा, जानेवारीची थंडी, खायला एक वडापावची गाडी आणि तिच्यासमोर ही रांग. मी गेटपाशी उभा होतो, बँड कापून परत देणाऱ्यांना अडवत होतो, "पाच मिनिटं थांबा हो, आता सुरूच होतंय," असं मी स्वतः तीन वेळा खोटं बोललो. तिथून किती माणसं गेली ते मी मोजलं नाही पण ६१ पेक्षा कमी नव्हती, हे मी कुठेही सांगायला तयार आहे. यावर ग्रुपवर एक शब्द? नाही. भजनी मंडळ!

आता शीट. माझ्या चौकोनात पन्नास. पाच मिनिटांत मी पाच जण कापले.

पहिले दोन, एक जोडी, दोघंही जुने साल्सावाले. दुसऱ्या मिनिटाला मोबाइल काढला आणि एकमेकांकडे तोंड करून रील. मी लांबून हात केला, त्यांना वाटलं मी पण पोज देतोय.

तिसरा तू, मित्रा. बाकीचे एकोणपन्नास 'ऑन वन' नाचतायत, म्हणजे पहिल्या काउंटला वजन पुढे, तेच ठरलं होतं, सहा आठवडे तेच घोकलं होतं. आणि तू 'ऑन टू' सुरू केलंस, कारण म्हणे म्युझिकच तसं बोलावत होतं. बरं तेवढ्यावर थांबला असतास तर कदाचित माझ्या नजरेतून सुटलाही असतास पण वर दोन डबल स्पिन मारलेस, फक्कीची रेघ ओलांडून शेजारच्या चौकोनात गेलास आणि तिथल्या एका आजोबांच्या पायावर पाय दिलास. आजोबा थांबले नाहीत हं. लंगडत लंगडत पूर्ण केलं त्यांनी, त्यांच्या स्ट्युअर्डने मला नंतर सांगितलं.

चौथा तो हिंजवडीवाला पोरगा. ऑफिसचं काम संपवून न जेवता आलेला, पाच तास उभा, चौथ्या मिनिटाला त्याचे डोळे फिरले आणि तो खाली बसायला लागला.

मी माझ्याच चौकोनाचं सांगतोय, बाकीच्यांचं त्यांचे स्ट्युअर्ड सांगतील. पण माझ्याकडे भजनी मंडळातल्या आठही जणी होत्या, सरासरी वय पासष्टच्या वर, त्यातल्या सात जणींनी पाच मिनिटं एक काउंट चुकवला नाही. चारला पाय नाही, आठला पाय नाही. मी इतक्या जवळून बघत होतो की त्यांच्या ओठांवरची मोजणी दिसत होती, आणि ती फाइव्ह सिक्स सेव्हन नव्हती, धा-गे-ना-ती होती.

पाचव्या त्या काकू.

पोरगा खाली बसायला लागला तेव्हा त्या शेजारीच होत्या, त्यांनी नाच सोडला आणि त्याला काखेत हात घालून धरलं, पदराने वारा घातला, कमरेला खोचलेल्या पिशवीतून खडीसाखर काढून त्याच्या तोंडात टाकली. मिनिटभरही नसेल. मग त्याला बसवून परत ओळीत आल्या आणि बरोबर एकवर पाय टाकला. पण थांबल्या होत्या. बाहेरचा साक्षीदार माझ्या मागेच उभा होता, तो नसता तरी मी काय केलं असतं मला माहीत नाही. पेन चाललं.

नाच संपल्यावर पार्किंगमध्ये त्या भेटल्या. पोरगा बरा होता, बाइकला किक मारत होता. काकूंनी मनगटावरचा बँड न कापता अलगद सोडवला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि मला म्हणाल्या, "माझं धरलंस ना रे?"

मी म्हणालो, धरलं काकू.

काकू फेसबुकवर आहेत. रोज सकाळी सातला जास्वंदीचं फूल टाकतात, माझ्या प्रत्येक पोस्टला नमस्काराचे हात. म्हणजे हे पण वाचतीलच. काकू, नव्हतं धरलं. चौथी ओळ, डावीकडून तिसऱ्या, आणि पुढे 'थांबल्या' असं लिहिलंय, माझ्याच अक्षरात.