‘त्यानं कोणती आज्ञा मोडली होती?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सलाम भाऊ,

बायबलमधल्या संरक्षणाच्या वचनांवरच्या ‘जो ऐकतो तो निर्भय राहतो’ या माझ्या लेखावर तुम्ही जे लिहिलंत ते आधी थोडक्यात इथे ठेवतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल मी कशाला उत्तर देतोय. तुम्ही म्हणता : आमच्या गावात एक कास्तकार होता. दारू नाही, खर्रा (तंबाखू-सुपारी) नाही, रविवारची उपासना चुकली नाही, तूर चार चुंगड्या (पोती) झाली तरी दशमांश, म्हणजे देवाचा दहावा हिस्सा, आधी बाजूला काढायचा. सहा एकर कोरडवाहू वावर सावकाराच्या घशात गेलं आणि त्यानं जीव दिला. त्यानं कोणती आज्ञा मोडली होती ते सांगा. विमा कंपनी निदान अटी छापून देते, तुमचा देव अटी सांगत नाही आणि क्लेमही देत नाही. असली वचनं गरिबाला गप्प बसवायला असतात. आणि शेवटी विचारता : हा लेख त्याच्या बायकोसमोर वाचून दाखवायची हिंमत आहे का तुमच्यात?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. कोणतीही नाही. तुम्ही सांगता तसा तो माणूस असेल तर त्यानं काही मोडलं नव्हतं, आणि मयतीच्या घरी बसून ‘काहीतरी असंलच ना, त्याबिगर असं होते काय’ असं कुजबुजणाऱ्यांची जात फार जुनी आहे. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात, सगळं गमावून राखेत बसलेल्या ईयोबाशेजारचे त्याचे मित्र हेच बोलत होते. त्या पुस्तकाच्या शेवटी देवाचा कोप होतो तो त्या मित्रांवर. ईयोबानं देवाला तुमच्यापेक्षा कडक शब्दांत जाब विचारला होता, तरी खरं बोलला तो तोच, असं देव म्हणतो. तेव्हा तुमच्या संतापाला माझी हरकत नाही.

हरकत दुसऱ्या वाक्याला आहे. अटी सांगितलेल्या नाहीत, हे मला मान्य नाही. (विमा आणि देव यांची सांगड घालणारे तुम्ही पहिले नव्हेत. आयुर्विमा महामंडळाच्या बोधचिन्हात गीतेतलं ‘योगक्षेमं वहाम्यहम्’ आहेच. आणि पीक विम्याची ७२ तासांत कळवायची अट किती जणांना नुकसान झाल्यानंतर कळते, तेही तुम्हाला ठाऊक असेल.) शास्त्रातल्या अटी लपवलेल्या नाहीत. आपण त्या वाचत नाही, कारण त्या वाचल्या तर गावातल्या बऱ्याच जणांची पंचाईत होते.

बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय उघडा. अठराव्या-एकोणिसाव्या वचनात संरक्षणाचं वचन जितकं स्पष्ट आहे तितकं क्वचितच सापडेल. माझे विधी पाळा, म्हणजे देशात निर्भय राहाल, जमीन पीक देईल, पोटभर खाल, असा त्याचा आशय. आता हे वचन बसलंय कुठे ते पाहा. मागेपुढे प्रार्थनेचा शब्द नाही, उपासाचा नाही, अर्पणाचा नाही. सगळा अध्याय वावराचा, कर्जाचा आणि मजुरीचा आहे. जमीन माझी आहे, तुम्ही माझ्या घरचे पाहुणे, म्हणून ती कायमची विकायची नाही, असं देव म्हणतो. पन्नासावं वर्ष योबेलाचं, त्या वर्षी ज्याची जमीन त्याच्या घरी परत. तोवर विकायचीच वेळ आली तर योबेलाला किती पिकं उरलीत ते मोजून किंमत ठरवायची. पिकं जास्त तर किंमत जास्त, कमी तर कमी. आपल्या भाषेत सांगायचं तर ती विक्री नव्हेच, तो मक्ता आहे. मुदत संपली की वावर मालकाचं. त्याआधी जवळचा नातेवाईक पैसे भरून सोडवू शकतो. आणि पुढे, भाऊबंद खालावला तर त्याला हात द्या, त्याच्याकडून व्याज घेऊ नका, त्याला दिलेल्या अन्नावर नफा घेऊ नका.

‘देशात निर्भय राहाल’ हे वाक्य या सगळ्याच्या मधोमध आहे. आणि ते ‘तू’ला उद्देशून नाही, ‘तुम्हां’ला आहे. एकट्या भाविकाच्या खिशात ठेवायचा तो ताईत नाही, सबंध गावाशी केलेला करार आहे. तुमच्या गावात हा करार मोडला गेला हे खरंच. पण मोडणारा तो कास्तकार नव्हता. शेकडा पाचनं पैसे देणारा मोडत होता, त्याच्या खरेदीखतावर साक्षीदार म्हणून अंगठा उठवणारा मोडत होता, आणि हे सगळं माहीत असून पंगतीत त्या सावकाराला मधला पाट देणारेही मोडत होते.

तुम्ही म्हणाल, ही पळवाट झाली. थांबा, यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा चौतिसावा अध्याय पाहू, तो कमी वाचला जातो. बाबेलच्या राजाचं सैन्य यरुशलेमेला वेढा घालून बसलंय. शहर घाबरलंय. तेव्हा सिद्कीया राजा लोकांकडून करार करवतो की प्रत्येकानं आपापले इब्री दास-दासी मोकळे करायचे. दर सातव्या वर्षी दासाला मोकळं करा हा नियम आधीपासून होता, पाळत कोणी नव्हतं. या भीतीपोटी पाळला. मग मिसरचं सैन्य निघाल्याची बातमी आली, वेढा उठला, लोकांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि सोडलेली माणसं पुन्हा धरून आणली! यावर यिर्मया देवाचं म्हणणं सांगतो : तुम्ही भावाला मोकळं करण्याबाबत माझं ऐकलं नाही, तर आता मी तुम्हाला मोकळं करतो, तलवारीसाठी, मरीसाठी, दुष्काळासाठी. पुढे शहर पडलं. देवळात होमबली चुकला म्हणून देवानं हात काढून घेतला असं तिथे कुठेही नाही. गडी पुन्हा गुलाम केला म्हणून काढला.

‘ऐकणं’ म्हणजे काय हे शास्त्र असं दाखवतं. आपल्याकडे मात्र ते पार गुळगुळीत झालंय. ऐकणारा म्हणजे सिनेमा न पाहणारा, खर्रा न खाणारा, पाळकांच्या शब्दाबाहेर न जाणारा. त्याच्या पुढे कोणी जात नाही.

बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात तर गंमतच आहे. दर सातव्या वर्षी कर्ज सोडून द्या, आणि तुम्ही नीट ऐकाल तर तुमच्यात कोणी दरिद्री उरणार नाही, असं सांगून झाल्यावर लगेच इशारा येतो. सातवं वर्ष जवळ आलं, आता दिलेलं बुडणार, असा विचार मनात आणून गरीब भावाला नाही म्हणू नका. हे लिहिणाऱ्यानं कर्जमाफीची हवा उठल्यावर गावात काय होतं ते जणू डोळ्यांनी पाहिलं होतं. सोसायटीचा हात आखडतो, बँकेत ‘आधी नवं-जुनं करा’ (जुनं भरा, मग नवं घ्या) म्हणतात, आणि पेरणीच्या तोंडावर माणूस पुन्हा सावकाराच्या त्याच ओट्यावर जाऊन बसतो जिथे कागद कमी आणि व्याज जास्त.

सरकारी माफीत तुमच्या गावचा माणूस कुठे बसला असता हेही बघू. २००८ च्या केंद्राच्या योजनेत दोन हेक्टरपर्यंतच्याला पूर्ण माफी, त्यावरच्याला उरलेलं भरलं तर २५ टक्के सूट. सहा एकर म्हणजे दोन हेक्टरच्या थोडं वर. ओलिताच्या भागात दोन हेक्टरवाला सुखी असतो, आपल्या कोरडवाहू पऱ्हाटीत (कापसात) सहा एकरवालाही उपाशी, पण दोन हेक्टरची मर्यादा सगळ्यांना एक. तीही बँकेच्या कर्जापुरती. २०१५ मध्ये राज्यानं सावकारी कर्ज माफ करायची योजना आणली, तीही परवानाधारक सावकारांचं. आता मला सांगा, तुमच्या गावात जो पैसे देतो त्याच्या भिंतीवर परवाना टांगलेला पाहिलाय कधी?

गरिबाला गप्प बसवायला ही वचनं वापरतात, या तुमच्या आरोपाबद्दल एवढंच म्हणतो की वापरतात. मोठा मंडप, चार स्पीकर, तेलाच्या बाटल्या, ‘अर्पणाचं बी पेरा, शंभरपट घ्या’, आणि वरून देव संकटांतून राखतो असं म्हणणारं एक्क्याण्णवावं स्तोत्र. मी त्या सभांना जात नाही आणि कोणाला जा म्हणत नाही. एक्क्याण्णवावं स्तोत्र मला अत्यंत प्रिय आहे. पण सुवार्तेत ते स्तोत्र येशूला ऐकवतो कोण? सैतान. मंदिराच्या कळसावर उभं करून म्हणतो, टाक उडी, दूत तुला हातांवर झेलतील असं लिहिलंय ना! येशू उडी टाकत नाही. देवाची परीक्षा पाहू नकोस, असं तो अनुवादमधलंच वचन सांगून उत्तर देतो. तेव्हा वचन तोंडपाठ असणं आणि ऐकणं यांतला फरक आपल्यापेक्षा सैतानाला जास्त कळत असावा.

आता तुमच्या रागाचा जो भाग मला खरंच उत्तर देता येत नाही तो. गावानं ऐकलं नाही, आणि मेला तो ज्यानं ऐकलं. हा कुठला न्याय? हा न्याय नाहीच. शास्त्रही त्याला न्याय म्हणत नाही. याकोबाच्या पत्रात, शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते, असं आहे. निर्गम या पुस्तकात विधवेला आणि पोरक्याला गांजणाऱ्याला देव सांगतो की ते माझ्याकडे ओरडले तर मी ऐकीनच. म्हणजे ऐकायची आज्ञा फक्त आपल्याला नाही, तोही ऐकणारा आहे. पण ऐकून तो आजच का उठत नाही, हे मला सांगता येत नाही. इब्री लोकांसच्या पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासणाऱ्यांपैकी काही जण तलवारीच्या धारेतून वाचले आणि काही जण तलवारीनं मारले गेले, हे थोड्याच अंतरानं लिहिलंय, आणि दोघांच्या विश्वासात कमीजास्त काढलेलं नाही. दानीएलाच्या पुस्तकात भट्टीत टाकायला नेलेले तिघे राजाला म्हणतात, आमचा देव सोडवायला समर्थ आहे, पण नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. मी या ‘नाही सोडवलं तरी’वाल्यांच्या बाजूचा. तुम्हाला हे पुरणार नाही, आणि पुरावं असा माझा आग्रहही नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. त्या बाईंसमोर मी माझा लेख वाचणार नाही, तो त्यांच्यासाठी लिहिलेलाच नव्हता. त्यांच्यासमोर आणि चर्चच्या सबंध मंडळीसमोर नहेम्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय वाचायला मी यायला तयार आहे. बंदिवासातून परतलेले लोक यरुशलेमेचा तट बांधतायत, शत्रू टपलेत, संरक्षणाचं काम ऐन रंगात आहे. आणि बायामाणसं ओरड करत येतात : आम्ही दाण्यासाठी शेतं गहाण टाकली, राजाचा कर भरायला कर्ज काढलं, आमच्या पोरी दासी झाल्या, आणि घेणारे आमचेच भाऊबंद. त्यांचा अधिकारी नहेम्या संतापतो, पण ‘आधी तट होऊ द्या, मग बघू’ असं म्हणत नाही. सभा भरवतो. मी आणि माझी माणसंही पैसे-दाणे कर्जाऊ देतो, हे व्याज आता सोडून देऊ, असं आधी स्वतःकडे बोट करून म्हणतो. मग मागतो : यांची शेतं, द्राक्षमळे, घरं आजच परत करा, आणि शेकडा एक जे घेताय तेही. शेकडा एक! आपल्याकडे कोणी शेकडा एकनं दिलं तर लोक त्याला धर्मात्मा म्हणतील. ते लोक कबूल झाले, आणि तटही ५२ दिवसांत उभा राहिला.

मंडळीत हे वाचलं गेलं की पहिल्या दोन बाकांवर चुळबूळ होईल. कोण कोणाला दीडीनं (दीडपट परतीच्या बोलीनं) दाणे देतो, कोणाचं वावर कोणाच्या नावावर ‘विश्वासानं’ करून घेतलंय, हे सगळ्यांना ठाऊक असतं. माझ्या मते ज्या मंडळीत एकमेकांकडून व्याज घेतलं जातं तिनं संरक्षणाची वचनं मोठ्यानं वाचू नयेत. निदान पेरणीपुरता बिनव्याजी फंड करावा, शंभर-दोनशे रुपयांपासून. बायांचे बचत गट याहून अवघड कामं करतात.

आणि एक काम नुसत्या वाचनानं व्हायचं नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे, सावकारीच्या व्यवहारात खरेदीखत करून घेतलेली जमीन कर्जदाराला किंवा त्याच्या वारसाला परत द्यायचा आदेश जिल्हा निबंधक देऊ शकतात. आपल्या जिल्ह्यांत हे काम सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक पाहतात. अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधकाकडूनही पुढे जातो. कर्जदार वारला तरी त्याचा हक्क संपत नाही, पण व्यवहार किती जुना आहे याला कायद्यात मर्यादा आहे, म्हणून उशीर चालायचा नाही. पुरावा म्हणून व्याज दिल्याची चिठ्ठी, वहीतली नोंद, खात्यातून गेलेली रक्कम, काहीही चालेल. बाजारभावापेक्षा फार कमी किमतीत झालेली खरेदी आणि त्यानंतरही मूळ मालकच वाहत असलेलं वावर, या गोष्टी चौकशीत बोलतात. ते वावर तुमच्या गावचा माणूस शेवटपर्यंत स्वतःच वाहत होता का?

सातबारा, खरेदीखताची नक्कल आणि फेरफार त्या बाईंकडे नसतील तर दुय्यम निबंधक कार्यालयातून आणि पटवाऱ्याकडून काढता येतात. खरेदीखत कोणत्या वर्षी झालं एवढं तुम्ही आधी विचारून मला कळवा.