गॅप नडत नाही, तारखा नडतात

रेझ्युमेतल्या गॅपबद्दल, म्हणजे नोकरी नसलेल्या काळाबद्दल, हे लिहितोय; मुख्यतः स्पर्धा परीक्षेची तीन-चार वर्षं करून खासगी नोकरीकडे वळणाऱ्यांसाठी.

मुलाखतीत "या काळात काय करत होता?" असं विचारलं की बरेच जण अभ्यासिकेपासून सुरू करतात आणि किती मार्कांनी यादी हुकली इथवर येतात. समोरच्याला ते नको असतं. कारण काय होतं, ते संपलं का आणि आता काम जमेल का, एवढंच त्याला हवं असतं. उदाहरणार्थ: "जून 2021 ते मार्च 2024 राज्यसेवेची तयारी केली. दोनदा मुख्य परीक्षेला बसलो, निवड झाली नाही. आता ते थांबवलंय. नंतर टॅली शिकलो आणि चार महिने एका सीएंकडे जीएसटी रिटर्नचं काम करतोय." बास.

यात सगळ्यात वजनदार शब्द 'थांबवलंय'. पुढची जाहिरात आली की हा पळणार, ही एचआरची खरी धास्ती. अटेंप्ट द्यायचाच असेल तर हे वाक्य बोलू नका. प्रीलिमच्या आधी महिनाभर रजा मागितली की पितळ उघडं पडतं.

आजारपणाचा गॅप असेल तर आजाराचं नाव सांगायची गरज नाही. "उपचार पूर्ण झाले, डॉक्टरांनी कामाला परवानगी दिलीये" पुरे. आणि 26 आठवड्यांची पगारी प्रसूती रजा हा गॅप नव्हेच, तेव्हा तुम्ही नोकरीतच होता. तरी कित्येक जणी रेझ्युमेत तो गॅप म्हणून लिहितात!

आता खरं दुखणं. गॅप झाकायला जुनी नोकरी दोन-तीन महिने ताणणं. पीएफ कापला जात असेल तर यूएएनच्या (पीएफ खात्याच्या कायम क्रमांकाच्या) सर्व्हिस हिस्ट्रीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते, आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले, म्हणजे कंपनीसाठी तुमची माहिती पडताळणारे, बहुधा तीच बघतात. गॅपमुळे गेली नसती ती ऑफर खोट्या तारखेमुळे जाते. विकतच्या अनुभवपत्राबद्दल तर बोलायलाच नको.

उलटंही होतं. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलेलीच नसते, म्हणजे कागदावर तुम्ही अजून तिथेच. मुलाखतीआधीच तपासा. शेवटचा पीएफ जमा होऊन दोन महिने झाले असतील तर पीएफच्या मेंबर पोर्टलवर 'मॅनेज'मध्ये 'मार्क एग्झिट' करून, आधारच्या ओटीपीने, तारीख स्वतः भरता येते. रिलीव्हिंग लेटर (नोकरी सोडताना कंपनी देते ते पत्र) समोर ठेवूनच भरा. चुकली तर दुरुस्तीला खेटे घालावे लागतात.

काही कंपन्या ऑफरनंतर गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात, नोटरी केलेलं. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून त्याला 100 ऐवजी 500चा स्टॅम्प लागतो. टायपिंगवाला जुन्या नमुन्यातल्या तारखा तशाच ठेवतो, तेव्हा सही करण्याआधी रेझ्युमेशी महिना-महिना ताडून बघा.